माळावरचं धुराडं

१

सकाळी सातला उठायचं, आधी नदीपलीकडे बघायचं आणि मगच किटली ठेवायची, ही ग्लेनिसची चाळीस वर्षांची सवय. पलीकडच्या उतारावर आल्बी स्कीन्सचं घर होतं. त्याच्या धुराड्यातून धूर निघाला की म्हातारा उठला, अजून आहे, असं समजायचं. आल्बीही तिकडून हेच करायचा. खोऱ्याच्या या वळणावर शेजाऱ्याची विचारपूस व्हायची ती अशी. साडेसातपर्यंत धूर दिसला नाही तर फोन करायचा. फोन उचलला नाही तर गाडी काढून, पुलावरून वळसा घालून बघायला जायचं. धूर दिसत असला तर मात्र महिनामहिना कोणी कोणाला फोन करत नसे आणि त्यात कोणाला काही वावगंही वाटत नसे.

याच वळणावरचं जुनं घर सोडून माळावरच्या चाकांच्या घरात राहायला आल्यापासून ग्लेनिसची पंचाईत झाली होती, कारण या घराला अजून धुराडंच नव्हतं. शेगडी आली होती, पण ती प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, दाराशी अवघडलेल्या पाहुण्यासारखी उभी. त्यामुळे पहिले आठ दिवस आल्बीचा फोन साडेसातच्या ठोक्याला यायचा. "आहेस का गं?" एवढंच विचारायचा आणि "आहे" म्हटलं की ठेवून द्यायचा. मग शुक्रवारपासून फोन बंद झाला.

मंगळवारी ग्लेनिसनंच फोन लावला. तिला थोडा राग आला होता आणि खरं सांगायचं तर एकटंही वाटत होतं.

"काय रे आल्बी, या चार दिवसांत मी मेले असते म्हणजे?"

"मेलेली बाई शेगडी पेटवते होय? रोज सकाळी तुझा धूर बघतो मी. दिसतोय, तर फोन कशाला करू?"

"कसला धूर? माझी शेगडी अजून गुंडाळलेली आहे."

"मग तुझ्यासाठी दुसरं कोणीतरी पेटवत असेल," आल्बी म्हणाला. "नशीबवान आहेस. चांगलं वाळलेलं लाकूड आहे, पांढरा सरळ धूर. ऐंशी वर्षं धूर बघतोय पोरी, मला शिकवू नकोस."

आल्बीच्या डोळ्यांचं मार्चमध्ये ऑपरेशन झालं होतं. शिवाय इकडे मे महिना थंडीच्या तोंडावरचा, नदीवर सकाळी धुकं असतंच. ग्लेनिसनं या दोन्ही गोष्टी मनाशी धरल्या, फोन ठेवला आणि तरीही बाहेर जाऊन एकदा छपराकडे बघितलं. छप्पर कोरं होतं. घराच्या मागच्या भिंतीपासून हातभर अंतरावर विटांचं जुनं धुराडं उभं होतं, पण ते काही त्यांच्या घराचं नव्हतं. ते कोणत्याच घराचं नव्हतं.

२

अशी धुराडी या भागात माळामाळावर उभी आहेत. फार मागे वणव्यात घरं गेली. लाकूड होतं ते जळलं, वीट होती ती राहिली. लोक त्यांच्याभोवतीनं नांगरतात, त्यांच्या आडोशाला मेंढरं उभी राहतात आणि त्यांच्याविषयी कोणी फारसं बोलत नाही.

हा माळ ग्लेनिसच्या नवऱ्याला, नेव्हिलला, त्याच्या मावशीकडून मिळाला होता. चाकांचं घर नेव्हिलनं स्वतःच्या हातांनी बांधलं. सात मीटर लांब, अडीच मीटर रुंद. भिंती, खिडक्या, घडीचा ओटा, भिंतीलगतचा पलंग, सगळं दोन वर्षांत झालं आणि फक्त धुराड्याचं ठरायचं राहिलं. नेव्हिलच्या डोक्यात ते ठरलेलंच होतं. एवढं मजबूत विटांचं धुराडं आयतं उभं असताना छपराला भोक कशाला पाडायचं? म्हणून त्यानं घर मागे घेत घेत बरोबर त्या धुराड्याला पाठ करून लावलं. शेगडीची नळी मागच्या भिंतीतून सरळ विटांत सोडायची, असा बेत होता. मग फेब्रुवारीत एका सकाळी मापाची पट्टी हातात असतानाच तो खाली बसला आणि उठला नाही. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं.

आता तो होबार्ट शहरातल्या इस्पितळात होता. त्याला घरी आणायचं तर घर सदोदित वीस अंशांवर उबदार हवं आणि शेगडी सुरक्षित असल्याचा कागद हवा, असं तिथल्या बाईनं ग्लेनिसला समोर बसवून सांगितलं होतं. नाहीतर शहरातलं नर्सिंग होम, म्हणजे एकदा गेलं की शेवटपर्यंत तिथेच. जूनपर्यंतची मुदत होती. ग्लेनिसनं नर्सिंग होम एकदा बघून घेतलं होतं. तिथल्या खिडक्या उघडत नव्हत्या. त्यानंतर तिला शांत झोप अशी लागली नव्हती.

धुराडी बसवणारी आणि साफ करणारी रेलीन बुधवारी आली. पन्नाशीची, आडव्या बांध्याची, तोंडाची फटकळ बाई. तिनं मागची फट बघितली, विटांवर मूठ आपटली, आत बॅटरी मारली आणि बाहेर येऊन हात झटकले.

"नाही."

"अगं, नीट बघितलंस तरी का?"

"बघितलं. विटांमधला चुना बोटानं निघतोय. आणि तुझं घर चाकांवर आहे, बाई. वारा आला की डुलणार. धुराडं जागचं हलणार नाही आणि घर हलणार, मग मधली नळी निखळणार. शिवाय नळीला दोन वळणं येतात. वळण आलं की काजळी बसते, काजळी बसली की धूर मागे फिरतो. एवढ्याशा खोलीत धूर मागे फिरला तर तू पळशील बाहेर. तुझा नवरा कसा पळणार?"

ग्लेनिसनं त्या फटीकडे बघितलं.

"सरळ वर," रेलीन म्हणाली. "दुपदरी स्टीलची नळी, कुठे वळण नाही, छपराच्या कण्याच्या वर चांगली मीटरभर. लाकडी भिंतीपासून जेवढं अंतर मी सांगेन तेवढंच. शेगडीला जळायला लागणारी हवा घराच्या तळातून बाहेरची घ्यायची, खोलीतली नाही. आणि पलंगाच्या डोक्याशी विषारी वायूचा भोंगा. मग मी सही करते. विटांवर मी जन्मात सही करणार नाही."

"नेव्हिलचं मन होतं गं त्यात."

रेलीनचा आवाज थोडा उतरला. "बरं, तुझ्या समाधानासाठी ओढ बघू, धूर वर खेचतं का ते."

तिनं खिशातून धुराची गोळी काढली, फटीतून आडवी आत शिरली आणि धुराड्याच्या तळच्या जुन्या चुलाण्यात गोळी पेटवून ठेवली. थंड धुराड्यात धूर आधी घुटमळतो, खाली उतरतो, डोळ्यांत जातो. हा धूर घुटमळला नाही. दोरी ओढावी तसा तो सरळ वर गेला. रेलीननं भुवया उडवल्या. दोघी चार पावलं मागे येऊन धुराड्याच्या माथ्याकडे बघत उभ्या राहिल्या. एक मिनिट गेलं, दोन गेली. वरून काहीच बाहेर आलं नाही.

"मध्ये कुठेतरी भगदाड असणार," रेलीन म्हणाली. त्यांनी चारी बाजूंनी फिरून बघितलं. भगदाड कुठेच नव्हतं. खाली गोळी संपेपर्यंत जळली आणि तिचा सगळा धूर आत गेला.

रेलीननं विटांवर तळहात ठेवला आणि जरा वेळ तसाच राहू दिला.

"ऊन लागलंय विटांना," ती म्हणाली.

तीन दिवस ऊन पडलेलं नव्हतं. हे दोघींनाही माहीत होतं.

३

नेव्हिलकडे आता तीनच शब्द उरले होते. हो, नाही आणि एक शिवी. शिवी तो अगदी स्पष्ट उच्चारायचा आणि पहिल्या दोन शब्दांत न मावणारं सगळं तिच्यात बसवायचा. नर्सा त्याच्यावर खूश होत्या.

शनिवारी ग्लेनिस त्याच्याजवळ बसली, त्याचा डावा हात हातात घेतला आणि विटांचा बेत रद्द झाल्याचं सांगितलं.

"नाही," नेव्हिल म्हणाला.

"ऐक ना. रेलीन सांगते, धूर मागे फिरला तर तुला उठता येणार नाही. मी सकाळी दीड तास शाळेच्या बसवर असते, तेव्हा घरात तू एकटा. मला हे जमायचं नाही, नेव. मी बस चालवताना वेडी होईन."

"नाही. नाही." मग शिवी. मग पुन्हा नाही, पण हळू.

त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. ग्लेनिसला अपराधी वाटलं. माणसानं दोन वर्षं खपून घर बांधावं आणि शेवटची एक गोष्ट बायकोनं परस्पर बदलावी, हे तिला तरी कुठे आवडत होतं? पण तो जिवंत घरी यायला हवा होता. बाकी सगळं त्यानंतर.

"नळी चांगली उंच लावून घेते," ती म्हणाली. "आल्बीला पलीकडून दिसेल अशी."

४

नळी सोमवारी बसली. रेलीननं प्रत्येक अंतर दोनदा मोजलं, छपराच्या भोकाभोवती पत्रा नीट चापून बसवला, वर टोपी चढवली आणि पहिली आग ग्लेनिसला पेटवू दिली. आग झटक्यात धरली. अर्ध्या तासात काचा घामेजल्या आणि दोघींनी स्वेटर काढले. भोंग्याच्या पडद्यावर शून्य होतं आणि ते शून्यच राहिलं.

"अशी ओढ मी कित्येक वर्षांत बघितली नाही," रेलीन म्हणाली, पण ते ती काही फार आनंदानं म्हणाली नाही. ती दारात जाऊन मान वर करून बघत होती.

"काय झालं?"

"काही नाही. धूर दिसत नाही वर. आग चांगली जळली की धूर दिसत नाहीच. उत्तम लक्षण आहे." तिनं सही केली, चहाला नको म्हणाली आणि शिडी गाडीवर बांधताना एकदाही मागच्या बाजूला गेली नाही.

ती गेल्यावर आल्बीचा फोन आला.

"ती चकचकीत नळी शोभेला लावलीस का गं?"

"का?"

"धूर आपला जुन्या विटांतूनच येतोय. नेहमीसारखा."

ग्लेनिस बाहेर गेली. जवळून बघितलं तर नळीवर काही नव्हतं आणि विटांवरही काही नव्हतं. तिनं विचार केला. आत शेगडी तापली, मागची भिंत तापली, भिंतीमुळे ओल्या विटा तापल्या, त्यांची वाफ निघाली आणि ती नदीपलीकडून धुरासारखी दिसली. हे तिला पटण्यासारखं होतं. शेगडी पेटण्याआधीच्या चार दिवसांचं काय, हा प्रश्न तिनं आल्बीच्या डोळ्यांवर ढकलला आणि नेव्हिलसाठी पलंगावर जाडी रजई अंथरायला घेतली.

गुरुवारी नेव्हिल घरी आला. रुग्णवाहिकेतल्या दोघांनी त्याला आत आणून पलंगावर ठेवलं. त्यानं आपण बांधलेलं छप्पर बघितलं, खिडकी बघितली, मग मागच्या भिंतीकडे बघत राहिला. "हो," तो म्हणाला. ग्लेनिसला रडू आलं आणि तिनं ते लपवलंही नाही.

५

शाळेची बस सव्वाआठला निघायची. आधी ग्लेनिस शेगडीत दोन लाकडं घालून हवा कमी करायची. एवढीशी शेगडी, तिच्यात दोन लाकडं फार तर तास-सव्वातास. ती परत येईपर्यंत नुसते निखारे उरणार, असा हिशेब होता.

बसचा रस्ता नदीपलीकडून जातो. आल्बीच्या घराच्या वरच्या वळणावर आलं की समोर सगळा माळ दिसतो. शुक्रवारी त्या वळणावर ग्लेनिसनं बस हळू केली आणि तिकडे बघितलं.

नळीतून काही येत नव्हतं. विटांतून येत होता. पांढरा, दाट, सरळ धूर. वाफ नव्हती ती. ग्लेनिसनंही साठ वर्षं धूर बघितलेला होता. नुकतंच कोणीतरी आगीत लाकूड घातलं की निघतो, तसा तो होता.

मग घरामागून कोणीतरी बाहेर आलं. बाई की बापई, ते एवढ्या लांबून कळलं नाही. हातात बादली होती. त्या माणसानं ती गवतावर उपडी केली, तिच्या बुडावर दोनदा थाप मारली, सकाळी राख टाकताना सगळेच मारतात तशी, आणि रस्त्याकडे बघितलं. रोजची बस जाताना लोक बघतात, तेवढंच. मग ते माणूस परत घरामागे गेलं. तिथे हातभर फट होती. त्या फटीत बादली घेऊन माणूस मावत नाही.

बस थांबली होती. मागून पोरं ओरडायला लागली. ग्लेनिसनं गाडी पुढे काढली. एकोणीस पोरं शाळेत पोहोचवायची होती आणि तिनं ती पोहोचवली, प्रत्येक थांब्यावर थांबून, प्रत्येकाला नावानं हाक मारून. तो पाऊण तास कसा गेला, ते तिला नंतर कधी आठवता आलं नाही.

घरी आली तेव्हा दार तिनं लावलं होतं तसंच लावलेलं होतं. आत ऊब होती. नेव्हिलचे गाल लाल होते. त्याची रजई छातीपर्यंत नीट ओढून खांद्याखाली खोचलेली होती, आणि ग्लेनिस कधी रजई खोचत नसे. शेगडीत निखारे नव्हते, तीन लाकडं ऐन भरात जळत होती. राखेचा खण रिकामा होता. भोंग्यावर शून्य. बाहेर गवतावर राखेचा ताजा डाग, दवात अजून वाफाळणारा.

"नेव," ती म्हणाली. "कोण आलं होतं?"

नेव्हिलनं तिच्याकडे बघितलं. त्याचे ओठ हलले, खूप कष्टानं हलले.

"चहा," तो म्हणाला.

फेब्रुवारीपासूनचा हा पहिला नवा शब्द. ग्लेनिस पलंगाशी गुडघ्यांवर बसली आणि हसली आणि रडली. भीती होती ती तिथेच होती, पण त्या घटकेला ती दुसऱ्या क्रमांकाची गोष्ट होती.

पुढच्या दहा दिवसांत त्याला आणखी शब्द आले. खिडकी. पाव. ग्लेन. इस्पितळातली बोलणं शिकवणारी बाई घरी येऊन ऐकून गेली आणि म्हणाली, "काय करता तुम्ही याला? जे करताय ते करत राहा." ग्लेनिसनं मान डोलावली. ती रोज दोन लाकडं घालून जायची, रोज घरी आल्यावर तीन दिसायची. लाकडाच्या ढिगातलं एकही कमी झालेलं नसायचं. वळणावर बस हळू करणं तिनं सोडून दिलं.

एका दुपारी ती त्याच्याजवळ, पलंगाच्या भिंतीकडच्या कडेला बसली. ऊन आत येत होतं आणि तिला बरं वाटत होतं.

"तिथे नको," नेव्हिल म्हणाला.

पहिल्यांदाच त्यानं दोन शब्द जोडले होते. ते सहज आले, अडखळले नाहीत. त्या जागी आधीच कोणी बसलेलं असताना दुसऱ्याला सांगावं, तसे.

ग्लेनिस उठली. हळूच उठली, कोणाला धक्का लागू नये म्हणून. मग आपण कशासाठी जपून उठलो, हे तिला कळलं.

६

घराला चाकं होती, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. तिनं आल्बीला ट्रॅक्टर घेऊन बोलावलं. माळाच्या खालच्या टोकाला, कुंपणाजवळ, ऐंशी पावलांवर सपाट जागा होती.

"का हलवतेस?" आल्बीनं विचारलं.

"ओल आहे इथे."

आल्बीनं कोरड्या जमिनीकडे बघितलं आणि ट्रॅक्टर घराकडे वळवला. त्यांनी नेव्हिलला चाकांच्या खुर्चीत बाहेर आणलं, रजयांत गुंडाळलं. ट्रॅक्टरनं घर ओढलं आणि विटांचं धुराडं पुन्हा एकटं उभं राहिलं. त्याचं चुलाणं आता उघड्यावर आलं. आल्बी तिथे वाकून बघत होता.

"हे कोणी झाडलं गं?"

चुलाणं लख्ख झाडलेलं होतं. विटांवर हात फिरवून पुसलेलं.

"मी," ग्लेनिस म्हणाली. तिला खोटं बोलायची सवय नव्हती, पण हे खोटं अगदी सहज आलं. आल्बीनं टोपी नीट केली आणि ट्रॅक्टर आठवडाभर इथेच राहू दे, कुंपणाच्या कामाला लागेल, असं म्हणून तो पायीच पुलाकडे निघाला.

नेव्हिल खुर्चीत बसून घराकडे नव्हे, विटांकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात उठत नव्हता. ग्लेनिसनं ते पुसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं शेगडी पेटवली आणि नळीच्या टोपीखालून धूर निघताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. करडा, साधा, वाऱ्यानं वाकणारा धूर. इतका साधा धूर बघून एवढं बरं वाटेल, असं तिला वाटलं नव्हतं. बसवरून परतली तेव्हा शेगडीत निखारे होते. रजई एका बाजूला घसरलेली होती. सगळं जसं असायला हवं तसं होतं.

फक्त नेव्हिल गार होता.

तिनं आणखी लाकूड घातलं. खोली तेवीस अंशांवर गेली, ग्लेनिसला घाम फुटला, पण नेव्हिलचे हात विहिरीतून काढल्यासारखे गारच. गरम पाण्याच्या पिशव्या झाल्या, सूप झालं. सूप त्यानं गिळलं नाही. शनिवारी 'ग्लेन' गेलं. तिनं स्वतःकडे बोट दाखवून दहादा विचारलं, आणि तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. रविवारी 'पाव' गेला, 'खिडकी' गेली. शिवीसुद्धा गेली. तेव्हा ग्लेनिस बाहेर जाऊन पायरीवर बसली आणि बराच वेळ आत आली नाही.

सोमवारी नर्स येऊन गेली. तिनं छाती तपासली, दोनदा ताप बघितला, खोलीभर नजर फिरवली.

"घर छान उबदार आहे. शेगडी उत्तम आहे. तुमच्याकडून काहीच कमी नाही," ती म्हणाली. "पण यांची तब्येत उतरतेय. उद्या सकाळी गाडी पाठवते. आणि ग्लेनिस, खरं बोलू का? यानंतर यांना परत घरी पाठवतील असं मला वाटत नाही."

"नर्सिंग होम?"

"तितके दिवस मिळाले तर."

७

नर्स गेली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. ग्लेनिसनं आल्बीला फोन लावला.

"तुला विटांतून धूर दिसतो का आता?"

"चार दिवस नाही," आल्बी म्हणाला. "तुझा दिसतो नळीतून. त्यांचा नाही."

"त्यांचा म्हणजे?"

"मी तुझ्या माळाकडे जन्मभर बघतोय, पोरी. विचारू नकोस. आणि मला काही सांगूही नकोस."

ग्लेनिसनं फोन ठेवला. ती नेव्हिलजवळ गेली, त्याच्या कपाळावर ओठ टेकले. कपाळ गार होतं. तिनं शांतपणे विचार केला. इतका शांत विचार तिनं चार महिन्यांत केला नव्हता. रेलीनचं सगळं बरोबर होतं. नळी सुरक्षित होती, भोंगा सुरक्षित होता, या खोलीत कुठूनही काहीही आत येत नव्हतं. आणि या सुरक्षित खोलीत तिचा नवरा संपत चालला होता. तिकडे काय होतं, ते तिला माहीत नव्हतं. ते चांगलं होतं की वाईट, हेही माहीत नव्हतं. त्याला ऊब मिळत होती, एवढं माहीत होतं. तिला भयंकर भीती वाटत होती, आणि तिनं ट्रॅक्टरची किल्ली घेतली.

शेगडी तिनं विझवली. नेव्हिलला एकटीनं उचलून खुर्चीत बसवणं तिला जमणार नव्हतं, म्हणून त्याला पलंगावरच दोन्ही बाजूंनी उशा लावल्या आणि पट्ट्यानं हलकेच बांधलं. "हळू नेते," ती म्हणाली. त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही.

तिनं ऐंशी पावलांना अर्धा तास लावला. दर दहा पावलांवर थांबून ती उतरायची, खिडकीतून आत बघायची, परत चढायची. ऊन तिरपं झालं होतं. वारा पडला होता. विटांजवळ आल्यावर तिनं घर वळवलं आणि मागे घ्यायला लागली, नेव्हिलनं घेतलं होतं तसं, पण त्यानं सोडलं होतं तेवढं अंतर तिनं सोडलं नाही. ती मागे घेत राहिली. शेवटी भिंत विटांना टेकली. आवाज फारसा झाला नाही. दार बंद करताना होतो, तेवढाच.

ग्लेनिसनं इंजिन बंद केलं आणि बसून राहिली.

आधी काहीच ऐकू आलं नाही. मग आतून नेव्हिलचा आवाज आला. तो बोलत होता. एक शब्द नव्हे, दोन नव्हे. सलग बोलत होता, फेब्रुवारीआधी बोलायचा तसा, आपल्या नेहमीच्या घोगऱ्या, घाईच्या आवाजात. शब्द कळत नव्हते. मग तो थांबला. समोरच्यानं उत्तर द्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ गेला. मग नेव्हिल हसला. एकेचाळीस वर्षं ऐकलेलं ते हसू ऐकून ग्लेनिसचा ऊर भरून आला आणि तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

ती खाली उतरली. घराला वळसा घालून ती पुढच्या बाजूला आली. दाराच्या काचेआड उजेड होता, आगीचा, हलता. शेगडी तिनं विझवली होती. आतलं बोलणं तिच्या पावलांबरोबर थांबलं.

ग्लेनिसनं केस मागे सारले, अंगावरचा कोट झटकला. दाराची किल्ली तिच्या खिशात होती, तिनं ती काढली नाही. तिनं स्वतःच्याच दारावर दोनदा हलकं टकटक केलं आणि कोणी आत बोलावण्याची वाट बघत पायरीवर उभी राहिली.